परतीचं भाडं

फरशीच्या कारखान्यासमोरच्या मैदानात अठरा ट्रक उभे राहायचे आणि त्यातला आज कुठला भरायचा हे ठरवायची एक वही. वही असायची वहिनीकडे. कोणाची वहिनी म्हणाल, तर सगळ्यांचीच. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा नवऱ्याच्या बरोबरीचे गाडीमालक तिला वहिनी म्हणायला लागले, मग ड्रायव्हर म्हणायला लागले, आणि बघता बघता तिच्या बापाच्या वयाची माणसंही वहिनी म्हणू लागली. एकटे आबा काय ते तिला 'पोरी' म्हणायचे. आबा मैदानातले सगळ्यात म्हातारे, एका गाडीचे मालक आणि त्याच गाडीचे ड्रायव्हर.

मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. तीत एक टेबल, चार खुर्च्या, चहाचं पातेलं, आणि खुर्च्या पुरत नाहीत म्हणून बसायला आडवे टाकलेले दोन जुने टायर. तिथे बसून वहिनी बिल्ट्या लिहायची, म्हणजे गाडीबरोबर मालाचा जो कागद जातो तो, आणि वही सांभाळायची. नवरा एकच गाडी चालवायचा, स्वतःची. तो बोलायचा इतका कमी की मैदानाने त्याचं नाव मौनी ठेवलं होतं. त्याच्या वाटचं बोलणं देवाने बायकोला देऊन टाकलंय, असं सगळे म्हणायचे आणि वहिनीही हसून म्हणायची, "मग काय, घरात कोणीतरी बोलायला नको?"

वहीचे नियम कोणीही पाठ म्हणून दाखवले असते. अकरा मालक, भाडं सगळ्यांचं एकच, वर्षातून एकदा कारखान्याशी बसून ठरवलेलं. वहीत ज्याचं नाव वर, त्याची गाडी आधी भरणार. माल पोचवून सहा दिवसांत परत आलात तर तुमची जागा होती तिथेच. सातवा दिवस उजाडला की नाव तळाला, मग बसा दहा-बारा दिवस टायरवर चहा ढोसत. मालक तीन गाड्यांचा असो की एका, रडो की भांडो, वहिनी बधायची नाही. "वही काय मी माहेराहून आणलीय का? सगळ्यांची आहे ती," म्हणायची, की समोरच्याची बोलती बंद. पूर्वी पंक्चरचं दुकान असल्यामुळे ज्याला सगळे पंक्चर म्हणत, त्या मालकाने एकदा तिला गुपचूप एक घड्याळ देऊ केलं होतं. बाईने ते सगळ्यांदेखत टेबलावर मांडलं आणि "कोणाचं राहिलंय हो हे?" म्हणून विचारलं. त्या दिवशी पंक्चरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

एक गोष्ट मात्र त्या वहीत कधी आली नाही. परतीचं भाडं. इथून फरशी भरून सहाशे किलोमीटरवर नेऊन टाकली, की येताना काय भरायचं हे ज्याचं त्याने बघायचं. रिकामी गाडी आणायची म्हणजे डिझेल जाळून नुसती हवा वाहायची. म्हणून तिकडच्या दलालाच्या दारात उभं राहायचं आणि तो देईल ते, देईल त्या भाड्यात घ्यायचं. निम्म्यात घ्यायचं. कधी निम्म्याहूनही कमी. परत आल्यावर कोणी कोणाला विचारायचं नाही. विचारलंच तर "मिळालं थोडंफार" एवढं म्हणायचं आणि विषय बदलायचा. आणि दलालाला आठवणीने सांगायचं, की बिल्टीवर भाड्याच्या रकान्यात आकडा टाकू नकोस बाबा, 'ठरल्याप्रमाणे' एवढं लिही. झाकली मूठ. सगळेच झाकायचे, त्यामुळे कोणालाच लाज नव्हती.

त्या वर्षी कारखान्याची मागणी घटली. पूर्वी दिवसाला चार गाड्या भरायच्या, आता दीड. त्यात हायवेच्या पलीकडे एका मोठ्या कंपनीने तळ टाकला. पन्नास गाड्या, सगळ्या एका रंगाच्या, धुतलेल्या, आणि ड्रायव्हरच्या अंगावर गाडीच्याच रंगाचा शर्ट. वकील, म्हणजे मैदानातला तो मालक जो चहा गोड झाला तरी नियम काढून भांडायचा, तो म्हणाला, "शर्टाला मॅचिंग मोजे पण देत असतील." सगळे हसले. हसले खरे, पण डोळे हायवेपलीकडे.

अशात मौनीची गाडी तिकडे अडकली. माल खाली करून तीन दिवस झाले तरी परतीचं भाडं मिळेना. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"इथे कुत्रं विचारत नाही गं."

"मग रिकामे या. उद्या संध्याकाळी सहा दिवस संपतात."

"रिकामा येऊन डिझेल कुठून घालू?"

मग तो हळूच म्हणाला, "एक दिवस सरकव की वहीत. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

"आपलीच गाडी आहे."

"म्हणूनच नाही," ती म्हणाली. "आज तुमच्यासाठी सरकवलं तर उद्या पंक्चरला काय तोंड दाखवू? काहीही करा, पण उद्या पाचच्या आत या."

काहीही करा, असं ती म्हणाली. त्याने केलं. दलालाकडे पांढऱ्या मातीच्या गोण्या होत्या, फरशीसाठी लागतात त्या, आणि त्या नेमक्या आपल्याच कारखान्याला जायच्या होत्या. भाडं निम्म्याहून कमी. "घ्यायचं तर घे, मागे चौघं उभे आहेत," दलाल म्हणाला. मौनीने घेतलं. गाडी भरली, ताडपत्री बांधली, दलालाच्या कारकुनाने दिलेला कागद घडी करून खिशात कोंबला आणि निघाला. रात्रभर आणि दिवसभर चालवून दुसऱ्या दिवशी पावणेपाचला कारखान्याच्या मागच्या गेटवर हजर. कागद गेटवर दिला, गोण्या उतरवल्या, मैदानात आला आणि टायरवर बसल्या बसल्या झोपला.

वकिलाने टेबलावर थाप मारली. "वहिनी, नवऱ्यालाही सोडलं नाहीत. मानलं तुम्हाला!" वहिनी "त्यात काय एवढं" म्हणाली खरी, पण खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. नवऱ्याचं नाव होतं त्याच जागेवर आहे, आणि तेही प्रामाणिकपणे, या आनंदात ती संध्याकाळभर हवेत होती. झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावर तिने आपली शाल टाकली.

कागदाच्या भाड्याच्या रकान्यात त्या दिवशी 'ठरल्याप्रमाणे' लिहिलेलं नव्हतं. घाईत मौनी सांगायला विसरला होता. कारकुनाने सुवाच्य अक्षरात आकडा लिहिला होता.

पंधरा दिवसांनी वर्षाचं भाडं ठरवायची बैठक आली. अकरा मालक, म्हणजे दहा मालक आणि मौनीच्या जागी वहिनी, आधी पत्र्याच्या खोलीत दाटीवाटीने बसले. यंदा वाढ मागायची नाही, असं आबांनीच सुचवलं. "मोठी कंपनी डोक्यावर बसलीय. आहे तेच भाडं द्या म्हणू. त्याच्या खाली मात्र एकानेही यायचं नाही. सगळे एकत्र राहिलो तर कारखान्याला आपण लागतोच. त्यांची पन्नास गाड्यांची कंपनी गल्लीबोळात फरशी पोचवायला येणार नाही." सगळ्यांना पटलं. नवे कपडे घातल्यासारखे सगळे ताठ चालत कारखान्यात गेले.

डिस्पॅचचे साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांना बसवलं, चहा मागवला, आबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. वकिलाने घसा खाकरून आहे तेच भाडं मागितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"हा आमच्या मागच्या गेटवर आला होता. मातीच्या गोण्या घेऊन आलेली गाडी. ही तुमच्यातलीच ना?"

कागद हातोहात फिरत वहिनीपर्यंत आला. अक्षर तिचं नव्हतं. गाडीचा नंबर तिचा होता. भाड्याच्या रकान्यातला आकडा तिने दोनदा वाचला.

"साहेब, हे परतीचं भाडं आहे," वकील म्हणाला. "परतीचं वेगळं असतं."

"वेगळं म्हणजे? रस्ता तोच ना?"

"तोच."

"टोल तोच? टायर तेच?"

आबा पुढे सरकले. "साहेब, जाताना पुरं भाडं मिळतं म्हणून येताना निम्म्यात परवडतं. दोन्हीकडे निम्मं झालं तर गाडी चालणार नाही."

"आबा, मला पटतं तुमचं. खरंच पटतं," साहेब म्हणाले. "पण वरचे मला विचारतात, तीच गाडी, तोच रस्ता, निम्म्या भाड्यात येते, तर निम्म्या भाड्यात जात का नाही? मी त्यांना काय सांगू? तुम्ही सांगा, मी तसंच सांगतो."

वहिनीने कागद परत टेबलावर ठेवला. साहेबांनी कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुढचं सांगितलं. सोमवारपासून वही बंद. रोज सकाळी दहाला कारखाना त्या दिवसाची भरती, म्हणजे किती गाड्या भरायच्या ते, फोनवर टाकणार. दहा मिनिटांत ज्याने सगळ्यात कमी भाडं लिहिलं त्याची गाडी लागणार. लिहायला मैदानातल्या मालकांना मुभा आणि मोठ्या कंपनीलाही. सगळ्यात कमी आकडा सगळ्यांना दिसेल, कोणाचा ते दिसणार नाही.

"चहा घ्या ना," साहेब म्हणाले. "गार होतोय."

बाहेर आल्या आल्या पंक्चर फुटला. "वही मारे डोळ्यात तेल घालून सांभाळलीत हो वहिनी! स्वतःच्या घरातला एक कागद नाही सांभाळता आला?"

"चुकलं," वहिनी म्हणाली. "माझंच चुकलं."

"चुकलं म्हणे! अकरा घरांवर नांगर फिरवला आणि म्हणे चुकलं!"

"ए पंक्चर," आबा म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "ज्याने आजवर परतीचं निम्म्यात कधीच आणलं नाही, त्याने पुढे बोलावं. बाकीच्यांनी गप्प बसावं."

कोणी पुढे झालं नाही. पंक्चरने बुटाने जमीन उकरली.

"तिचा कागद सापडला, आपले सापडले नाहीत. बाकी काय फरक आहे?" आबा वहिनीकडे वळले. "चल पोरी, डोळे पूस. अजून काही संपलं नाही."

संपलं नाही असं त्यांना खरंच वाटत होतं. सगळ्यांना मैदानात नेऊन त्यांनी आपल्या गाडीच्या बॉनेटवर एकेकाला हात ठेवायला लावला. सोमवारी सगळ्यांनी फोनवर आहे तेच भाडं लिहायचं. मंगळवारीही तेच. कंपनी चार-आठ दिवस कमी घेईल, गल्लीबोळात गाडी अडकवून बसेल, कंटाळेल, जाईल. तोवर दम धरायचा. अकरा हात बॉनेटवर पडले. पंक्चरचाही पडला. वकील म्हणाला, "बॉनेट तापलंय आबा, लवकर शपथ उरका." तेवढ्यात का होईना, सगळे हसले.

घरी वहिनीने मौनीला सगळं सांगितलं. तो जेवत होता, तो जेवत राहिला.

"मी एक दिवस सरकवलं असतं तर…" ती म्हणाली.

"नाही सरकवलंस," तो म्हणाला.

तो ओरडला असता, ताट आपटलं असतं, तर तिला हलकं वाटलं असतं. पण त्याने ताट उचलून धुतलं आणि गाडीचं तेलपाणी बघायला निघून गेला. वहिनी तिथेच बसून पोटभर रडली. प्रामाणिकपणा केला म्हणून कोणी असं रडतं का? तिला स्वतःचाच संताप आला.

सोमवारी दहाच्या आधी सगळे पत्र्याच्या खोलीत जमले. आबांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून त्यांनी आपला फोन वहिनीच्या हातात दिला. "माझंही तूच लिही." एका हातात आपला, एका हातात त्यांचा, अशी वहिनी बसली. दहा वाजले. दोन गाड्यांची भरती आली. सगळ्यांनी ठरलेला आकडा लिहिला आणि एकमेकांना दाखवला. आठ मिनिटं आकडा हलला नाही. आबा तर हसायलाही लागले होते. नवव्या मिनिटाला आकडा खाली घसरला, मग आणखी घसरला, आणि वेळ संपली.

"कंपनी," सगळे म्हणाले. "घेऊ देत. मरू देत तिकडे."

अकराला कारखान्याच्या गेटात एक गाडी कंपनीची शिरली आणि दुसरी पंक्चरची. अख्खं मैदान तोंड वासून बघत राहिलं. वकिलाने जाऊन पंक्चरची कॉलर धरली. पंक्चर आधी ड्रायव्हरवर ढकलायला लागला, मग रडायलाच लागला. तीन गाड्या उभ्या आहेत, म्हणाला, तीन. तुमचं एकेकावर भागतं. वकिलाने कॉलर सोडली. आणि बुधवारी स्वतः वकिलाचीच गाडी लागली. त्याने कोणाला तोंड दाखवलं नाही, केबिनची काच वर करून बसला.

झालं. गुरुवारी वहिनी आणि आबा सोडून पत्र्याच्या खोलीत कोणी आलंच नाही. जो तो आपापल्या गाडीच्या केबिनमध्ये काचा लावून, फोन मांडीवर घेऊन बसला. इतकी वर्षं एका पातेल्यातला चहा प्यायलेली माणसं, पण एकमेकांच्या गाडीकडे बघेनात. आकडा रोज थोडा खाली उतरत होता. निम्म्यावर आला होता.

आणि त्याच सकाळी मौनी इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

"कुठे?" वहिनीने विचारलं.

"कंपनीत ड्रायव्हर हवेत. लायसन्स घेऊन बोलावलंय."

"आणि गाडी?"

"विकू. उभी राहून टायर सडतील तिचे."

लग्नाआधी हा माणूस सात वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर होता. मालकाने चारचौघांत आईवरून शिवी दिली तेव्हा तो बोलायचा कमी झाला, हे तिला एकटीला माहीत होतं. स्वतःची गाडी आली त्या दिवशी त्याने तिला शेजारी बसवून विनाकारण गावाला तीन चकरा मारल्या होत्या आणि सबंध वेळ बडबड केली होती. एवढं बोलताना तिने त्याला आधीही कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. तो आता परत कोणाचा तरी रंगीत शर्ट घालणार.

"आजचा दिवस थांबा," ती म्हणाली. "फक्त आजचा. हात जोडते."

दहाला पाच कमी असताना ती पत्र्याच्या खोलीत जाऊन बसली. आबा एकटेच आले. टायरवर बसले, फोन तिच्याकडे दिला.

"लिही पोरी. आपलं ठरलेलं."

"आबा, त्यात लागत नाही हो. तीन दिवस बघताय ना?"

"नाही लागली तर नाही लागली. बॉनेट माझं होतं. मी कसा मोडू?"

तिने त्यांच्या फोनवर ठरलेलं भाडं लिहिलं. मग आपल्या फोनवर, टेबलाच्या कडेखाली धरून, तिने दुसराच आकडा लिहिला. जाण्यापुरतं डिझेल आणि टोल. बाकी काही नाही. आबा समोर बसून गुडघा चोळत होते. दहा मिनिटं संपली.

"लागली का?"

"नाही आबा."

"कोणाची लागली?"

"कंपनीची असेल," ती म्हणाली. तिची मान वर होईना.

तोवर तिने मौनीला कळवलं होतं, आणि दारासमोरून मौनीची गाडी कारखान्याच्या गेटाकडे वळली. आबांनी दारातून ती जाताना पाहिली. शेवटचं चाक गेटात जाईपर्यंत पाहिली. मग उठले, फोन घेतला आणि आपल्या गाडीकडे गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं. जोडा काढून मारला असता तरी तिने मुकाट्याने खाल्ला असता.

गेटावर बिल्टी द्यायला ती गेली तेव्हा मौनीने आकडा वाचला. "ह्यात जाणं होतं," तो म्हणाला. "येणं होत नाही."

"परतीचं बघा काहीतरी."

"परतीचं आता ह्याच्याही निम्म्यात देतील."

"जा तरी," ती म्हणाली. तो गेला. इस्त्रीचा शर्ट तसाच अंगात होता.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, की माल खाली केलाय आणि दलालाच्या दारात चौदा गाड्या उभ्या आहेत. गावाकडे यायला डिझेल नाही. कारखान्यातली पुढची भरती हाताशी असेल तर तिच्या भरवशावर कोणी उधार डिझेल घालेल, नाहीतर गाडी तिकडेच सोडून यावं लागेल. पुढची भरती म्हणजे उद्याची; ती लागली तर गाडी आणून लावायला दोन दिवस मिळत. वहिनीने त्या दिवशी चहासुद्धा केला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना दारात आबा उभे. इतके दिवस ते फिरकले नव्हते. टायरवर बसले, फोन टेबलावर ठेवला.

"केबिनमध्ये बसून बघितलं," ते म्हणाले. "अक्षर दिसत नाही. काल काहीतरी लिहिलं, ते भलतंच उमटलं. दुसरं कोण वाचून देणार? कोणाच्या काचेवर टकटक केली तरी खाली करत नाहीत."

"ठरलेलंच लिहू?"

"ठरलेलं गेलं खड्ड्यात." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तू तुझं आधी लिही. मग माझं तुझ्याहून थोडं खाली लिही. कालपासून म्हातारीचं औषध संपलंय. आज एक दिवस मला जाऊ दे, पोरी. उद्या तू जा."

"बरं आबा," ती म्हणाली, आणि देवाशपथ, ती मनापासून म्हणाली. तिने आपलं लिहिलं. त्यांचं त्याखाली लिहिलं. नऊ मिनिटं आबांचा आकडा सगळ्यात खाली होता. तिने फोन त्यांच्या डोळ्यांजवळ नेऊन दाखवलाही. "तुमची लागतेय बघा." आबांनी डोळे बारीक केले, दिसलं काही नाही, पण मान हलवली.

शेवटच्या मिनिटात कोणीतरी दोघांच्याही खाली गेलं. एकदाच लिहिण्यापुरता वेळ उरला होता. दोन हातांत दोन फोन. वहिनीने आपला उचलला.

वेळ संपली. बाहेर कुठल्याशा केबिनचं दार आपटलं.

"लागली का गं?"

"नाही आबा."

"कोणाची लागली?"

या वेळी तिने कंपनीचं नाव घेतलं नाही. "माझी," ती म्हणाली.

आबांनी पुढे वाकून टेबलावरचा फोन घेतला, शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला. उठताना गुडघ्याने दगा दिला, तेव्हा वहिनी धरायला पुढे झाली. त्यांनी तिचा हात झिडकारला नाही. तिच्या हाताचा आधार घेऊनच ते उभे राहिले.

"उद्या येतो," ते म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना ते आले, टायरवर बसले आणि फोन पुन्हा तिच्याच हातात दिला.